‘झाले’ म्हणण्याची जबाबदारी

एकाच संगणकात सॉफ्टवेअरच्या साहाय्याने अनेक संगणक नांदवता येतात. त्यांना आभासी यंत्रे म्हणतात. अशा यंत्राला दिसणारी डिस्क पुष्कळदा यजमान संगणकावरची एक मोठी फाइल असते.

पूर्वी या यंत्रापुढे खऱ्या डिस्कची हुबेहूब नक्कल उभी करत. मग यंत्राचा ड्रायव्हर, म्हणजे डिस्कशी बोलणारा दुभाषा, एकेक आज्ञा देई आणि दर वेळी यंत्र थांबवून यजमानाला मध्ये पडावे लागे. २००३ मध्ये केंब्रिज विद्यापीठातून आलेल्या ‘झेन’ने निराळी वाट धरली. डिस्क आभासी आहे, हे ड्रायव्हरला ठाऊकच असू द्यायचे! पुढे ऑस्ट्रेलियाच्या रस्टी रसेल यांनी ‘व्हर्टआयओ’ ही सामाईक पद्धत रचली. जानेवारी २००८ मध्ये ती लिनक्समध्ये आली. दोघांनाही वाचता येईल अशा स्मृतीत मागण्या रांगेने मांडायच्या आणि यजमानाला एकदाच हाक मारायची.

वेग वाढला. पण खरी कसोटी पुढेच आहे. लिहिलेला मजकूर आधी यजमानाच्या स्मृतीत थांबू शकतो. ड्रायव्हर ‘आता पक्के करा’ म्हणतो. ते न करताच यजमानाने ‘झाले’ असे उत्तर दिले आणि त्याच क्षणी वीज गेली, तर? बँकेत भरलेल्या पैशांची पावती तुमच्या हाती असेल, पण खात्यात नोंद नसेल!

म्हणून रचनाकाराने वेगासाठी हव्या तेवढ्या युक्त्या योजाव्यात. ‘झाले’ हा शब्द मात्र काम झाल्यावरच निघेल, एवढे पाहावे.