मीटरवरचा आकडा आणि गाडीचं मोल



पत्रिकेत माझ्या व्याख्यानाचा विषय ‘जुन्या स्पोर्ट्स कार : कमी मायलेज, जास्त किंमत’ असा छापला आहे. तो वाचून आमच्या शेजारचे काका म्हणाले, “मायलेज कमी आणि किंमत जास्त? लोकांना वेड लागलंय का?” काकांचं काही चुकलं नाही. आपल्याकडे मायलेज म्हणजे लिटरमागे किती किलोमीटर. गाडी आजवर किती धावली, यालाही इंग्रजीत मायलेजच म्हणतात, पण त्याला आपला शब्द ‘रनिंग’. जुनी गाडी बघायला गेलेला माणूस बॉनेट उघडायच्या आधी विचारतो, “रनिंग किती झालंय?” तेव्हा आज मीही रनिंगच म्हणणार आहे. फेरारीचं मायलेज दोन्ही अर्थांनी कमी असतं, पण पहिल्या अर्थाची चिंता तिच्या मालकाला नसते.

मी पेशाने मोटार सर्व्हेअर. ठोकलेल्या, पुरात बुडालेल्या, जळालेल्या गाड्या तपासण्यात तीस वर्षं गेली. त्यामुळे गाडीच्या किमतीकडे मी जरा संशयानेच बघतो, हे आधीच सांगून ठेवतो.

दोन गाड्यांपासून सुरुवात करू. दोन्ही मॅकलारेन एफ१. नव्वदच्या दशकातली ही ब्रिटिश गाडी, चालक मधोमध बसतो, सगळे प्रकार धरून एकूण १०६ बनल्या. त्यातली एक ऑगस्ट २०२१मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या लिलावात आली. मीटरवर ३९० किलोमीटर. मुंबईहून निघून कोल्हापूरला पोचलात की जवळपास एवढं अंतर होतं. पंचवीस वर्षांहून जुनी गाडी आणि आयुष्यभराचा प्रवास एवढाच! ती २ कोटी ४ लाख ६५ हजार डॉलरला गेली.

दुसरी गाडी रोवन अ‍ॅटकिन्सनची. म्हणजे आपल्या मिस्टर बीनची. त्याने १९९७मध्ये ती घेतली आणि वापरली. वापरली म्हणजे खरोखर वापरली, ४१ हजार मैल, आपल्या हिशेबात ६६ हजार किलोमीटर. दोनदा ठोकलीही. २०११चा अपघात एवढा मोठा होता की दुरुस्तीसाठी विमा कंपनीला ९ लाख १० हजार पौंड मोजावे लागले. माझ्या पेशातल्या माणसाच्या पोटात तो आकडा ऐकून गोळाच येतो. ही गाडी २०१५मध्ये ८० लाख पौंडांना विकली गेली, तेव्हाच्या दराने साधारण १ कोटी २० लाख डॉलर.

आता पोरखेळ म्हणून एक भागाकार करू. दोन किमतींतली तफावत ८० लाख डॉलरच्या वर. रनिंगमधली तफावत साडेपासष्ट हजार किलोमीटर. भागाकार केला तर किलोमीटरमागे सव्वाशे डॉलर येतात. हा हिशेब न्याय्य नाही, कारण मधल्या सहा वर्षांत बाजार चढला होता, आणि अ‍ॅटकिन्सनच्या गाडीला अपघातांचा डाग होता, तसं प्रसिद्ध मालकाचं वलयही होतं. शिवाय किंमत अशी सरळ रेषेत उतरत नाही. पहिले किलोमीटर सगळ्यात महाग. ३९०च्या गाडीचे ७८० झाले तर बाजारात हळहळ होते. ६६ हजारांचे साडेसहासष्ट झाले तर कुणी विचारतही नाही.

पण का? रनिंग कमी म्हणजे झीज कमी, म्हणून किंमत जास्त, हे आपलं नेहमीचं उत्तर. तुमच्याआमच्या हॅचबॅकला ते लागू पडतं. या गाड्यांना अर्धंच लागू पडतं. इंजिन पैसे टाकून नव्यासारखं बांधून मिळतं, गिअरबॉक्स मिळतो. कारखान्यातून निघताना बसलेला रंगाचा मूळ थर मात्र मिळत नाही. सीटच्या कातड्याची मूळ शिलाई, फरशीखालचा मूळ लेप, हे एकदा गेलं की गेलं. ग्राहक पैसे मोजतो ते या अस्पर्शपणाचे, आणि त्याची सगळ्यात सोपी खूण म्हणजे मीटरवरचा आकडा.

फेरारी एफ४० घ्या. १९८७ ते १९९२ या काळात १३११ बनल्या. जवळजवळ सगळ्या लाल. एकच इंजिन, एकच घडण. आता दहा लाल एफ४० रांगेत उभ्या केल्या तर कुठली चांगली हे सांगायचं कशावरून? रनिंग आणि कागदपत्रं, एवढंच हातात उरतं. सारख्या वस्तूंच्या बाजारात लहानसा फरकही मोठा होतो.

याच्या उलट त्याच कंपनीची २५० जीटीओ. १९६२ ते १९६४मध्ये अवघ्या ३६ झाल्या, त्याही शर्यतीसाठी. या गाड्या रेमटवल्या गेल्या, आपटल्या, त्यांचे पत्रे बदलले, काहींची इंजिनंही बदलली. त्यातली एक २०१८मध्ये माँटेरेच्या लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. तिचं रनिंग किती, याची चर्चा कुणी केली नाही. ती कुठे धावली, कुणी चालवली, कुठली स्पर्धा जिंकली, हे विचारलं गेलं. ‘पिंक फ्लॉइड’चा ड्रमर निक मेसन याने १९७७मध्ये जीटीओ घेतली ती ३७ हजार पौंडांना, आणि तो तिला शर्यतीत उतरवत आला. त्यामुळे तिचं मोल घटलं असं म्हणायची कुणाची छाती नाही.

म्हणजे माझं म्हणणं असं, की मीटर हा साक्षीदार आहे. गाडीला आपलं कर्तृत्व नसेल तेव्हा त्याच्या शब्दाला वजन येतं. आणि एकट्या साक्षीदारावर विसंबताना कोर्टही जपून पाऊल टाकतं.

हा साक्षीदार तर फुटणारा. पूर्वीची मीटरं पाच आकडी. ९९,९९९ झाले की पुन्हा शून्य. वायर काढून ठेवली की गाडी धावते आणि मीटर झोपतं. मागे फिरवायची कला आपल्याकडे काय आणि तिकडे काय, कुणाला शिकवावी लागली नाही. अमेरिकेत मीटरशी छेडछाड रोखणारा संघराज्याचा कायदा १९७२चा. पण त्यातली गंमत बघा. २०१०पर्यंतच्या मॉडेलची गाडी दहा वर्षांची झाली की विक्रीच्या वेळी रनिंग लिहून देण्याच्या सक्तीतून ती सुटते. ज्या जुन्या गाड्यांत त्या आकड्यावर लाखो डॉलर लागतात, नेमक्या त्यांच्याच आकड्याला सरकारी कागदाचा आधार उरत नाही.

मग बाकीचे साक्षीदार शोधावे लागतात. मी एकदा एक फिएट तपासली. मीटर १८ हजार दाखवत होतं. मालक हात जोडून सांगत होता, “साहेब, डॉक्टरची गाडी, दवाखाना ते घर.” मी खाली वाकून ब्रेक पेडलचं रबर बघितलं. रेघा पार पुसून गुळगुळीत झालेल्या. १८ हजारांत रबर असं होत नाही. काही बोललो नाही, त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो म्हणाला, “डॉक्टर जरा जोरात ब्रेक मारायचे.”

फेरारीच्या बाबतीतही हेच, फक्त भिंग मोठं. दाराच्या बिजागरीचा सैलपणा, चालकाच्या सीटची बाहेरची कड, काचांवरच्या तारखेच्या खुणा, टायरच्या बाजूला छापलेला आठवड्याचा आणि वर्षाचा आकडा. आणि कागद. दर सर्व्हिसच्या बिलावर त्या दिवशीचं रनिंग लिहिलेलं असतं. ती बिलं एकामागोमाग लावली आणि आकडा पायरीपायरीने चढत गेला, तर मीटर खरं. मधली चार वर्षं गायब असतील, तर पुढचा आकडा कितीही गोजिरा दिसो, मी त्यावर सही करणार नाही.

आता या विषयातला सगळ्यात मनोरंजक भाग. न धावलेली गाडी चांगली राहते का?

आपल्या घरात याचं उत्तर आधीपासून आहे. घडी न मोडलेली पैठणी कपाटात तशीच ठेवली की वर्षांनी ती घडीवरच चिरते. म्हणून आई-आजी वर्षातून एकदा साड्या बाहेर काढून घड्या बदलायच्या. गाडीचंही तेच. उभ्या गाडीची ऑइल सील सुकतात, टायर एका जागी चपटे होतात, ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितं आणि आतून गंज धरतो, टाकीतल्या पेट्रोलचा चिकट राळेसारखा थर होतो. नव्वदच्या दशकातल्या फेरारींच्या आतली बटणं तर काही न करता चिकचिकीत होतात. टायमिंग बेल्ट नुसते किलोमीटर मोजत नाही, वर्षंही मोजतो. टेस्टारोसासारख्या गाडीत तो बदलायला अख्खं इंजिन खाली काढावं लागतं. मॅकलारेन एफ१ची पेट्रोलची पिशवी दर पाच वर्षांनी बदलायची, तेव्हाही इंजिन बाहेर. गाडी एक फूटही हलली नसली तरी.

या बाबतीतलं टोकाचं उदाहरण स्पोर्ट्स कारचं नाही, तरी सांगितल्यावाचून राहवत नाही. १५ जून १९५७ रोजी अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहराने कोर्टासमोरच्या हिरवळीखाली कोरी करकरीत प्लिमथ बेल्वेडेअर पुरली. सोनेरी-पांढरी. भोवती काँक्रीटची कोठी, अणुबॉम्ब पडला तरी टिकेल अशी. पन्नास वर्षांनी पेट्रोल मिळेल की नाही म्हणून पेट्रोलचे डबेही सोबत ठेवले. २००७मध्ये टल्साची लोकसंख्या किती असेल, याचा जवळचा अंदाज सांगणाऱ्याला गाडी बक्षीस. जून २००७मध्ये कोठी उघडली. आत पाणी शिरलेलं. हजारो लोकांसमोर वरची आवरणं सोलली, तर खाली गंजाचा एक मोठा गोळा. जवळचा अंदाज सांगणारा माणूस केव्हाच वारला होता. गाडी त्याच्या नातलगांकडे गेली. रनिंग म्हणाल तर चार मैल. जगात यापेक्षा कमी रनिंगची ५७ची प्लिमथ शोधून सापडणार नाही, आणि किंमत विचारायची सोय नाही.

दुसऱ्या टोकाला न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचे शिक्षक अर्व्ह गॉर्डन. त्यांनी १९६६मध्ये व्होल्वो पी१८००एस ही दोन दारांची देखणी स्पोर्ट्स कार घेतली आणि थांबलेच नाहीत. सप्टेंबर २०१३मध्ये अलास्कात त्यांच्या गाडीने ३० लाख मैल पुरे केले. म्हणजे ४८ लाख किलोमीटर. तो विक्रम ठरला. तिथेही मोल मीटरचंच, फक्त आकड्याची दिशा उलटी.

आता ३९० किलोमीटरच्या गाडीच्या मालकाची अवस्था काय होते? फिरायला काढली तर पैसा उडतो, नाही काढली तर सील सुकतात. तो तिला प्रदर्शनाला नेतो तेही बंद ट्रकमध्ये. गाडीचं ओझं दुसरी गाडी वाहते. मला यात थोडं हसू येतं, थोडा रागही येतो. तो चित्रासारखी भिंतीवर लावायची वस्तू घेऊन बसलाय असं म्हणावं, तर चित्राला ऑइल बदलावं लागत नाही.

आपल्याकडे मोठ्या क्लासिक स्पोर्ट्स कार मोजक्याच. पण २०२१मध्ये केंद्राने विंटेज वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनं, मूळ रूपात राखलेलं वाहन असेल तर नंबर प्लेटवर ‘व्हीए’ अक्षरं मिळतात, आणि रोजच्या वापरासाठी ते रस्त्यावर आणता येत नाही. रनिंग कमी ठेवायची जबाबदारी इथे नियमानेच उचलली आहे. रॅलीला, प्रदर्शनाला, इंधन भरायला आणि देखभालीला मात्र ते बाहेर काढता येतं. ज्यांच्या घरी असं वाहन कापडाखाली उभं आहे, त्यांनी निदान ती सवलत तरी वापरावी.

व्याख्यानापूर्वी एका तरुण मित्राने मला चहाला गाठून विचारलं, “काका, समजा पैसे आलेच, तर कुठली घ्यायची?” त्याला दिलेलं उत्तरच इथे देतो. ऐंशीच्या दशकातली पोर्श ९११ घे. मीटरवर लाखभर किलोमीटर असले तरी चालतील. दरवर्षी दोन-तीन हजार धावलेली असावी आणि सोबत सगळ्या बिलांची फाइल असावी. फाइल उचलताना दोन्ही हात लागले, तर टोकन देऊन टाक.