एकाच भुलेत दोन शस्त्रक्रिया

(संस्थेच्या वार्षिक सभेच्या निमित्ताने स्त्रीरोग विभागातर्फे देण्यात आलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेतील विषय वाचून काही चेहऱ्यांवर स्मित उमटलेले मला व्यासपीठावरून दिसले. धर्मादाय रुग्णालयात पोट सुडौल करण्याच्या शस्त्रक्रियेचे काय प्रयोजन, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल तर तो रास्तच आहे. परंतु हा विषय मी निवडलेला नाही. तो बाह्यरुग्ण विभागातील भगिनींनी माझ्यापुढे आणला. गर्भपिशवी काढण्याचे ठरले, तारीख मिळाली, सोबतचे नातेवाईक कागद घेऊन बाहेर गेले, की रुग्ण खुर्ची जराशी पुढे ओढते आणि हलक्या आवाजात म्हणते, "मॅडम, पोट उघडणारच आहात, तर हे लोंबणारंही काढून टाका ना."

या विनंतीला हसून वाटेला लावणे सोपे आहे. पण त्या पदराखाली काय असते ते पाहावे. दोन-तीन बाळंतपणांत पोटाच्या मध्यभागी उभे असलेले दोन स्नायू एकमेकांपासून दूर सरकतात आणि अनेकींच्या बाबतीत ते पूर्ववत जवळ येत नाहीत. बेंबीपाशी हर्निया होतो. ताणलेली कातडी एप्रनसारखी खाली ओघळते. तिच्या घडीत घाम साचून उन्हाळ्यात चट्टे पडतात, कातडी सोलवटते, वास येतो. अशी स्त्री लग्नकार्याला जाण्याचे टाळते, एसटीत बसताना मांडीवर पिशवी धरून बसते. व्यायामाने चरबी कमी होते, परंतु सैल झालेली कातडी आखडत नाही. याला निव्वळ नटण्यामुरडण्याची हौस म्हणणे मला कधीच पटलेले नाही.

या शस्त्रक्रियेत ओटीपोटावर आडवा छेद घेऊन जादा कातडी व चरबी काढतात, दूर गेलेले स्नायू टाके घालून जवळ आणतात आणि बेंबी नव्या जागी बसवतात. वजन उतरवण्याचा हा उपाय नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. गंमत अशी की, तिच्या इतिहासाच्या आरंभीच एक स्त्रीरोगतज्ज्ञ भेटतात. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे डॉ. हॉवर्ड केली यांनी १८९९ साली पोटावरील अतिरिक्त चरबी आडव्या छेदाने काढल्याचे प्रसिद्ध केले. तेव्हा या दोन शास्त्रांचा शेजार नवा नाही.

दोन्ही शस्त्रक्रिया एकत्र करण्याचा लाभ उघड आहे. भूल एकदाच, रुग्णालयातील मुक्काम एकदाच आणि जड वस्तू न उचलण्याचे सहा आठवडेही एकदाच. ज्या घरात सून आजारी पडली की गावाहून आईला बोलवावे लागते आणि रोजंदारी बुडते, तेथे हा लाभ लहान नाही. गर्भाशय मोठ्या गाठींमुळे पोटावाटेच काढावे लागणार असेल तर छेदही बहुतांशी सामाईक असतो. आधी गर्भाशय काढून आतले आवरण शिवायचे. मग हातमोजे, गाऊन, अवजारे बदलायची आणि नंतर प्लास्टिक सर्जनांनी पुढचे काम हाती घ्यायचे.

अवजारे बदलण्याचे कारण असे की, गर्भाशय काढताना योनिमार्ग उघडतो आणि तो मार्ग निर्जंतुक नसतो. पोटाच्या कातडीची शस्त्रक्रिया मात्र निर्जंतुक क्षेत्रातली. एकातील जंतू दुसरीत गेले, तर कातडीखालच्या विस्तीर्ण पोकळीत पू होतो. हर्नियासाठी जाळी बसवायची असेल तर हा धोका आणखी गंभीर.

त्याहून मोठे भय रक्ताच्या गुठळीचे. सौंदर्यशस्त्रक्रियांमध्ये पायातील शिरांत गुठळी होण्याचा धोका याच शस्त्रक्रियेत सर्वाधिक गणला जातो. स्नायू आवळून शिवल्यामुळे पोटातील दाब वाढतो, पायांकडून हृदयाकडे परतणारे रक्त मंदावते. त्यात रुग्ण काही दिवस कमरेत वाकून, घाबरत चालते. ओटीपोटातील शस्त्रक्रियेचा स्वतःचा धोका वेगळा, आणि भुलेचा वेळ वाढेल तसा तोही वाढतो. पायात झालेली गुठळी फुफ्फुसात जाऊन अडकली तर काही मिनिटांत प्राण जाऊ शकतात. म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळी पायांना हवेच्या दाबाचे पट्टे बांधतात, निवडक रुग्णांना रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शने देतात, आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी चालवतात. दुखत असताना उठवणाऱ्या परिचारिकेवर रागावणाऱ्या नातेवाइकांना माझी विनंती आहे, कृपया तिला उठवू द्या. पाळी थांबवण्यासाठी घेतलेल्या हार्मोनच्या गोळ्यांची माहितीही लपवू नका. काही गोळ्यांनी गुठळीचा धोका वाढतो. पुष्कळ भगिनींना त्या औषध वाटतच नाहीत, कारण त्या औषधाच्या दुकानातून आपल्या आपण आणलेल्या असतात.

त्यामुळे पुष्कळ जणींना आम्ही नकार देतो. अतिशय स्थूल, धूम्रपान किंवा मिश्री न सोडणारी, मधुमेह आटोक्यात नसलेली, पुढे मूल हवे असलेली, अशा स्त्रियांसाठी ही जोडशस्त्रक्रिया नव्हे. कर्करोगाची लेशमात्र शंका असेल तर विषय तेथेच संपतो. पित्ताशयाच्या जुन्या शस्त्रक्रियेचा बरगडीखालचा तिरका व्रण असला तरी प्लास्टिक सर्जन मान हलवतात, कारण कातडीचा रक्तपुरवठा तेथे आधीच तुटलेला असतो. आणि गर्भाशय योनिमार्गे किंवा दुर्बिणीने काढता येत असताना, केवळ पोटाच्या आकारासाठी ते पोट उघडून काढणे मला मान्य नाही.

एका भगिनीचे उदाहरण देते. मोठ्या गाठी, अतोनात रक्तस्राव, बेंबीचा हर्निया आणि ओघळलेले पोट, असे सारे एकत्र होते. हिमोग्लोबिन मात्र ७. तिला तारीख हवी होती, आम्ही तिला लोहाची इंजेक्शने दिली आणि थांबवले. रक्त भरून आल्यावर दोन्ही शस्त्रक्रिया एकत्र केल्या. जखमेतील द्राव वाहून नेणाऱ्या नळ्या दहा दिवस ठेवाव्या लागल्या, त्याबद्दल ती आमच्यावर चांगलीच वैतागली होती.

दुसरीची गोष्ट वेगळी. वय ३६. रक्तस्राव होता, पण सोनोग्राफी स्वच्छ, तपासणीसाठी घेतलेल्या तुकड्याचा अहवाल निर्दोष. तरीही पिशवी काढाच, असा हट्ट. मी नातेवाइकांना बाहेर बसवून विचारले तेव्हा ती म्हणाली, "पिशवीचं ऑपरेशन म्हटलं की घरचे पैसे काढतात. पोटाचं म्हटलं की हसतात. पिशवीच्या नावाखाली पोटाचं होऊन जाईल." श्रोतेहो, एक निरोगी अवयव द्यायला ती तयार होती, कारण तिच्या घरात दुखणे सिद्ध करण्याचा तो एकच मान्य मार्ग होता. बीजकोश राखले तरी गर्भाशय काढल्यावर पाळीनंतरचा काळ लवकर येऊ शकतो. बीजकोशही काढले तर हाडे आणि हृदय यांची झीज ऐन तारुण्यात सुरू होते. तिला गर्भाशयात बसवायचे हार्मोनयुक्त साधन दिले, रक्तस्राव आटोक्यात आला. पोटाबद्दल तिच्या पतीशी मी स्वतः बोलले. ते हसले नाहीत, एवढे सांगते. शस्त्रक्रियेचा निर्णय अद्याप झालेला नाही.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचे प्रकरण २०१९ मध्ये राज्यापुढे आले, ते आपल्या स्मरणात असेल. कामात खाडा नको म्हणून तरुण स्त्रिया पिशवी काढून घेत होत्या. अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या आणि त्या राज्यांनी अंगीकाराव्यात असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला. शस्त्रक्रियेचे कारण काहीही सांगितले जावो, गर्भाशयाला स्वतःचा विकार असल्याखेरीज आमच्या विभागात ते काढले जात नाही.

आता पैशांविषयी, कारण देणगीदारांना ते जाणण्याचा अधिकार आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखायच्या असतात, आणि देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करायची असते. हा पैसा केवळ आकारासाठी केलेल्या शस्त्रक्रियेवर खर्च होणे मला उचित वाटत नाही. आरोग्य विमाही सौंदर्यशस्त्रक्रियेचा खर्च देत नाही. म्हणून अशा वेळी देयकाचे दोन भाग स्वतंत्र दाखवले पाहिजेत. सगळे गर्भाशयाच्या नावावर लिहा, ही विनंती कितीही हात जोडून केली तरी मान्य होणार नाही. हर्निया असेल, घडीतील जखमा औषधांनी बऱ्या होत नसतील, तर मात्र तो उपचारच आहे. तेथे निधीचा विचार व्हावा, असे माझे विश्वस्तांना सांगणे आहे. ही रेषा प्रत्येक वेळी ठळक असेल असे नाही. त्यासाठी प्लास्टिक सर्जन, भूलतज्ज्ञ आणि समाजसेवा अधीक्षक यांनी एकत्र बसून शस्त्रक्रियेपूर्वी लेखी मत द्यावे, अशी माझी सूचना आहे. ती आजच्या सभेपुढे ठेवते आणि आपले प्रश्न ऐकण्यासाठी थांबते.