मूल घरीं कां सांगत नाहीं?

हायस्कुलांत मुलें घालणाऱ्या आईबापांच्या मनांत आज दोन चिंता एकाच वेळीं वावरत असतात. एक अशी कीं, शाळेंत शिस्त राहिलेली नाहीं. दुसरी अशी कीं, शाळेंत मूल सुरक्षित राहिलेलें नाहीं. पहिल्या चिंतेपोटीं ते म्हणतात, मास्तरांचा धाक पाहिजे. दुसऱ्या चिंतेपोटीं म्हणतात, मास्तरांवरच कोणाची तरी नजर पाहिजे. एकाच पालकसभेंत, एकाच गृहस्थाच्या तोंडून, पांच मिनिटांच्या अंतरानें हीं दोन्ही वाक्यें मीं ऐकलेलीं आहेत. आणि त्यांत कांहीं विसंगति आहे असें त्या गृहस्थांना वाटलेलें दिसलें नाहीं. मला त्यांना दोष द्यावयाचा नाहीं. ज्यांचें मूल सकाळीं घरांतून बाहेर पडतें आणि दुपारीं परत येईपर्यंत डोळ्यांआड असतें, त्यांना तर्कशास्त्र शिकविण्यांत अर्थ नाहीं. परंतु या दोन चिंतांचा परस्परांशीं काय संबंध आहे, हें आपण आज थोडें खोलांत जाऊन पाहूं.

शिस्तीविषयींची तक्रार काल्पनिक आहे असें मी म्हणणार नाहीं. नववी-दहावीच्या एकेका वर्गांत पुष्कळ ठिकाणीं साठ-सत्तर मुलें कोंबलेलीं असतात. एक तास संपून दुसरा सुरू होईपर्यंतच्या त्या पांच मिनिटांत, मधल्या सुटींत, जिन्याच्या वळणावर, पाण्याच्या टाकीपाशीं आणि सायकली ठेवण्याच्या छपराखालीं काय काय घडतें, तें ज्यानें हायस्कुलांत उमेदीचीं वर्षें घालविलीं आहेत त्याला सांगावयास नको. थोरलीं मुलें धाकट्यांचे पैसे काढून घेतात. एखाद्याच्या जातीवरून, रंगावरून किंवा तोतरेपणावरून त्याला नांवें ठेवून रडकुंडीस आणलें जातें. आणि हल्लीं ही टवाळी शाळा सुटल्यावरहि थांबत नाहीं, ती मोबाइलमधून मुलाच्या पाठोपाठ घरीं येते. शाळेपासून शंभर यार्डांच्या आंत तंबाखूचे पदार्थ विकूं नयेत असा कायदा २००३ सालीं झाला. परंतु टपरीचें अंतर मोजण्याची फीत कोणाच्याच खिशांत नसते.

अशा वेळीं जुन्या वळणाच्या पालकांना छडीची आठवण होते. पूर्वीं बाप मुलाला मास्तरांच्या स्वाधीन करतांना सांगे, "वाटेल तितका मारा, पण माणसांत आणा." मास्तरहि या सांगण्याचा पूर्वार्ध मनापासून पाळीत. पुढें काळ बदलला. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें शारीरिक शिक्षेला शिक्षणांत थारा असूं नये असें स्पष्ट सांगितलें. २००० सालीं दिल्ली उच्च न्यायालयानें तेथील शाळांच्या नियमांतील मारण्याची मुभा रद्द ठरविली. असें असूनहि केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानें २००७ सालीं तेरा राज्यांतील पाहणी प्रसिद्ध केली, तींत शाळेंत जाणाऱ्या मुलांपैकीं ६५ टक्के मुलांनीं आपणांस शाळेंत मार बसल्याचें सांगितलें होतें. म्हणजे तीन मुलांमागें जवळ जवळ दोन. जी गोष्ट धोरणांतून गेली, ती वर्गांतून गेली नव्हती.

नंतर २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा आला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलांत आला. त्याच्या सतराव्या कलमानें मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास व त्याचा मानसिक छळ करण्यास बंदी घातली. पुष्कळ पालकांची अशी समजूत आहे कीं, हा प्रश्न येथें संपला. परंतु हायस्कुलाची मेख नेमकी येथेंच आहे. या कायद्याचें 'मूल' सहा ते चौदा वर्षांचें आहे. नववीच्या एकाच बाकावर शेजारीं शेजारीं बसणाऱ्या दोन मुलांपैकीं एकाचा चौदावा वाढदिवस पुढें असावा आणि दुसऱ्याचा होऊन बराच काळ लोटलेला असावा, तर पहिल्याच्या डोक्यावर सतराव्या कलमाचें छत्र आहे आणि दुसऱ्याच्या नाहीं. २०१५ चा बाल न्याय कायदा अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना लागू आहे, आणि ज्याच्या ताब्यांत मूल आहे अशा माणसानें त्याला मारहाण करणें किंवा अकारण शारीरिक वा मानसिक क्लेश देणें हा त्यानें गुन्हा ठरविला आहे, हें खरें. पण तो फौजदारी कायदा आहे. जखम झाल्यावर, पोलिसांत गेल्यावर तो बोलूं लागतो. रोजच्या अंगठे धरून उभें राहण्याविषयीं, चारचौघांत 'तुझ्या बापानें तरी शाळा पाहिली होती कां' असें विचारण्याविषयीं कोणीहि पालक फौजदारी कचेरीची पायरी चढत नाहीं.

आतां कोणी म्हणेल, चार रट्ट्यांनीं कोणाचें काय बिघडलें? आम्हींहि खाल्ले, आणि आम्ही बिघडलों नाहीं. या युक्तिवादाला माझें उत्तर पाठीवरच्या वळांविषयींचें नाहीं. वळ आठ दिवसांत जातात. मला काळजी वाटते ती मुलाच्या जिभेची. भीतीनें मूल प्रथम जें शिकतें तें पाढे नव्हेत, गप्प बसणें होय. उशीर झाला, कीं लपविणें. वही हरवली, कीं लपविणें. थोरल्या मुलानें पैसे काढून घेतले, कीं तेंहि लपविणें, कारण पहिला प्रश्न येणार, 'तूं पैसे आणलेसच कां?' अशा शंभर लहान लहान गोष्टी लपवितां लपवितां मुलाची अशी खात्री होऊन बसते कीं, मोठ्या माणसाला सांगणें म्हणजे स्वतःवरच खटला ओढवून घेणें. आणि मग जेव्हां खरोखर भयंकर असें कांहीं घडतें, तेव्हां तें आपल्या संवयीप्रमाणें गप्पच राहतें. जो दुष्ट माणूस मुलाच्या अंगाला हात लावतो तो याच संवयीवर विसंबून असतो. शाळेनें आणि घरानें मिळून त्याचें निम्में काम आधींच करून ठेवलेलें असतें.

२०२४ च्या ऑगस्टांत बदलापुरांत दोन चिमुकल्या मुलींवर शाळेंत अत्याचार झाल्याचें उघड झालें. २० ऑगस्टला संतापलेल्या नागरिकांनीं तेथील स्थानकांत तासन् तास लोकलगाड्या अडवून धरल्या. मुंबई उच्च न्यायालयानें आपण होऊन प्रकरण हातीं घेतलें आणि पोलिस व शाळा या दोघांवरहि कडक ताशेरे झाडले. या सर्व गदारोळांत एक गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानांत आली नाहीं. त्या मुली अवघ्या चार वर्षांच्या होत्या, आणि प्रकार उजेडांत आला तो त्या घरीं बोलल्या म्हणून. चार वर्षांचें मूल दुखलें तर दुखलें म्हणतें. 'मला कोण काय म्हणेल' हा विचार त्याला अजून शिवलेला नसतो. चौदा वर्षांच्या मुलीनें हें इतक्या लौकर सांगितलें असतें काय? हायस्कुलांतील मुलामुलींच्या आईबापांनीं रात्रीं दिवा मालविल्यावर हा प्रश्न स्वतःला विचारून पाहावा. मधल्या दहा वर्षांत त्या मुलीला आपण आणि शाळेनें काय शिकविलें, याचा हिशेब त्या उत्तरांत आहे.

त्या प्रकरणानंतर राज्य शासनानें एका महिन्याच्या आंत शाळाशाळांतून कॅमेरे बसविण्याचा हुकूम सोडला. कॅमेऱ्याला माझा विरोध नाहीं. फाटकावर आणि लांब ओसरीवर त्याचा उपयोग होतो. परंतु कॅमेरा शौचकूपांत नसतो व नसावा. शिकवणीहून परतण्याच्या वाटेवर तो नसतो. आणि असतो तेथेंहि त्याला शब्द ऐकूं येत नाहींत. शिवाय, झालेलें चित्र कोणी पाहणार असेल तर ना! घटना कळल्यावरच तें उलटून पाहतात, आणि घटना कळावयाची तर पुनः मुलानेंच बोलावयास हवें.

यापेक्षां मला त्या जुन्या शिपायाचा भरंवसा अधिक वाटतो, ज्याच्याकडे कोणत्याच तज्ज्ञाचें लक्ष गेलें नाहीं. हायस्कुलाचा शिपाई घंटा देतो, फाटक लावतो आणि पाणी भरतो, एवढेंच वरून दिसतें. वस्तुतः कोणतें मूल तासाला न बसतां मागच्या भिंतीपाशीं घुटमळतें, कोणत्या मुलीला शाळा सुटतांना कोणी परका मनुष्य हटकतो, कोणाचा डबा रोज रिकामाच परत जातो, हें त्याला हेडमास्तरांच्या आधीं ठाऊक असतें. २०२० च्या डिसेंबरांत राज्य शासनानें असा निर्णय घेतला कीं, खाजगी अनुदानित शाळांतील शिपायाची जागा रिकामी झाली म्हणजे ती न भरतां त्याऐवजीं शाळेला ठराविक भत्ता द्यावा. भत्त्यावर आलेला मनुष्य वाईटच असतो असें नाहीं. पण जो आज आहे आणि पुढच्या वर्षीं असेलच असा नेम नाहीं, तो पांचशें मुलांचीं नांवें कशाला पाठ करील? शाळेच्या सुरक्षिततेवर मोर्चे निघाले, पण शिपायाच्या रिकाम्या स्टुलासाठीं मोर्चा निघालेला मला माहीत नाहीं.

धाकावांचून हायस्कूल चालतें कां, अशी शंका कोणी काढील. ज्यांनीं तें चालवून दाखविलें ते कोणी परदेशस्थ पंडित नव्हते. साने गुरुजी १९२४ पासून १९३० पर्यंत अमळनेरच्या हायस्कुलांत शिक्षक होते आणि तेथील छात्रालयाचा भारहि त्यांच्याकडे होता. मुलांच्या खोल्या ते आपल्या हातांनीं झाडीत, इतस्ततः पडलेले कपडे घड्या घालून ठेवीत. मुलें शरमलीं, आणि शरमून स्वतः झाडूं लागलीं. प्रत्येक शिक्षकानें साने गुरुजी व्हावें असा आग्रह मी धरणार नाहीं. तेवढ्या पगारांत, निवडणुकीचीं व जनगणनेचीं कामें सांभाळून, तें शक्यहि नाहीं. परंतु त्यांतलें एक सूत्र साध्या माणसालाहि पेलण्यासारखें आहे. मुलाला शिक्षकाविषयीं वाटणारी लाज आणि मुलाला शिक्षकाची वाटणारी भीति या दोन निराळ्या वस्तु आहेत. लाज वाटणारें मूल चूक करून शिक्षकाकडे येतें. भ्यालेलें मूल चूक करून शिक्षकापासून पळतें. ज्या शाळेंत नियम थोडे व आधीं सांगितलेले आहेत, ते संस्थेच्या चिटणिसांच्या मुलालाहि लागू आहेत, आणि शिक्षा झाली तर ती घरीं लेखी कळविली जाते, तेथें छडीची उणीव कोणाला भासलेली मीं पाहिली नाहीं. आणि मधल्या सुटींत दोन शिक्षक खोलींत चहा घेत न बसतां मैदानावर हिंडत असतील, तर निम्म्या मारामाऱ्या होतच नाहींत.

कायद्यानें मोठ्यांवरहि एक बंधन घातलें आहे, तें पालकांनीं जाणून घ्यावें. २०१२ च्या लैंगिक अपराधांपासून बालकांचें संरक्षण करणाऱ्या कायद्याप्रमाणें, असा अपराध घडल्याचें ज्याला कळलें त्यानें तो पोलिसांना कळविलाच पाहिजे. संस्थेच्या प्रमुखानें आपल्या हाताखालच्या माणसाचा असा अपराध दडपला, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊं शकते. तेव्हां 'शाळेची अब्रू जाईल, आपण आपसांत मिटवूं' असें कोणी हेडमास्तर सांगूं लागला, तर तो सल्ला देत नसून स्वतः गुन्हा करीत असतो. १०९८ हा मुलांसाठींचा दूरध्वनि-क्रमांक वर्गाच्या भिंतीवर मुलांना वाचतां येईल एवढ्या अक्षरांत लिहिलेला आहे कीं नाहीं, हें पाहण्यास तर कोणाची परवानगीहि लागत नाहीं.

राहिली तक्रारपेटी. शाळेंत ती असावी असा शासनाचा आदेश आहे, आणि बहुतेक शाळांतून ती असतेहि. पण ती टांगलेली कोठें असते? पुष्कळदां हेडमास्तरांच्या खोलीच्या दाराशीं, म्हणजे चिठ्ठी टाकणारें मूल सर्वांना दिसेल अशा जागीं. आतां तर वरून कॅमेराहि तिच्याकडे रोखलेला असतो. मग वर्षअखेर 'एकहि तक्रार आली नाहीं' असा अहवाल समाधानानें वाचला जातो. ती पेटी जिन्याखालीं किंवा वाचनालयाच्या कोपऱ्यांत हलवावी, तिची किल्ली शाळेबाहेरच्या एखाद्या पालक-प्रतिनिधीकडे, शक्य तर स्त्रीकडे असावी, आणि ती ठरल्या वारीं दोघांतिघांसमक्ष उघडावी, एवढी मागणी करण्यास कांहीं खर्च येत नाहीं.

पालकसभा बहुधा सहामाहीच्या निकालाच्या दिवशींच भरते. गणितांत पांच गुण कां कमी पडले याची चौकशी त्या दिवशीं प्रत्येक पालक करतो, आणि ती करावीच. मात्र प्रगतिपुस्तकावर सही करून झाल्यावर, उठण्यापूर्वीं, त्या पेटीची किल्ली कोणाजवळ आहे आणि ती शेवटची केव्हां उघडली होती, एवढें वर्गशिक्षकांना विचारावें. आणि विचारतांना आपलें मूल शेजारीं उभें असूं द्यावें.