एकच पेज कितीदा मोजायचं?

चेन्नईहून बोलतोय. एका रात्री आमचा लिनक्स सर्व्हर कर्नल पॅनिक होऊन बंद पडला. सगळे म्हणाले, डेटाबेसनेच मेमरी खाल्ली. पुरावा काय, तर ‘पीएस’मधल्या आरएसएसची बेरीज! पण शेअर्ड मेमरीचं एकच पेज दहा प्रोसेस वापरत असतील, तर ते त्या बेरजेत दहादा येतं.

मग केडंपने जपून ठेवलेली व्हीएमकोर फाइल ‘क्रॅश’ या टूलमध्ये उघडली आणि ‘आयपीसीएस’ कमांडला कॅपिटल ‘एम’ जोडला. प्रत्येक सेगमेंटखाली तीन आकडे दिसतात. अलोकेटेड म्हणजे मागितलेली पेजेस: १ जीबी मागितलं, तर ४ केबीची २,६२,१४४. रेसिडेंट म्हणजे त्यातली खरोखर रॅममध्ये असलेली. स्वॅप्ड म्हणजे स्वॅपमध्ये गेलेली. नुसत्या पहिल्या आकड्यावरून कुणावर आरोप करू नका.

‘एनअटॅच’ हा रकानाही पाहा. तिथे शून्य असेल, तर सेगमेंटला कुणीच जोडलेलं नाही. आमच्याकडे असेच ढीगभर निघाले, आणि रेसिडेंट आकडे मोठे! आमचाच एक जुना प्रोग्रॅम दर वेळी नवा सेगमेंट करायचा आणि न काढताच संपायचा. डेटाबेस निर्दोष सुटला.

तेव्हा बेरीज करण्याआधी स्वतःला विचारा: हे पेज मी कितव्यांदा मोजतोय?