मोटारीचा सेन्सर घरी बदलताना
(वर्धापनदिनी मंडळात केलेले भाषण)



दरवर्षी ह्या दिवशी कोणी लोणच्यांवर बोलते, कोणी मुलांच्या खोकल्यावर. यंदा मला मोटारीवर बोलण्यास सांगितले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा यंत्रशास्त्र सांगण्याचा आव मी आणत नाही. जे हाताने केले तेवढेच सांगते.

आमची गाडी पेट्रोलची आणि अठरा वर्षांची. मामंजींना आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी नाशिकला न्यावे लागते. पाळी सकाळी सातची. ह्यांची ड्यूटी रात्रीची, म्हणून गाडी मी चालवते. निफाडची थंडी तुम्हांला ठाऊकच आहे. गेल्या डिसेंबरात गाडी पहाटे सुरू होईना. आठ-दहा वेळा किल्ली फिरवावी, तेव्हा कुठे धडधडे आणि लगेच बंद पडे. दुपारी मात्र एका किल्लीत चालू! पाळी चुकली की मामंजींच्या अंगात पाणी साठते, धाप लागते. ज्यांच्या घरी हे दुखणे आहे त्यांना अधिक सांगायला नको.

गॅरेजात प्लग बदलून झाले, बॅटरी पाहून झाली. मशीन लावले तर त्यात दोष दिसेना. शेवटी मिस्त्री म्हणाले, "गाडीचा कॉम्प्युटर गेला. १४,००० रुपये लागतील." आता दोष दिसत नाही म्हणून सर्वांत महाग वस्तू बदलायची, हा हिशेब काही मला पटला नाही.

जुन्या फियाट-अँबॅसिडरला चोक असे. गारठ्यात त्याची मूठ ओढायची, म्हणजे इंजिनात हवा कमी आणि त्या मानाने पेट्रोल जास्त जाई. इंजिन तापले की मूठ आत ढकलायची. अंदाज सगळा चालवणाऱ्याचा. १ एप्रिल २००० पासून देशभर नव्या मोटारींना धुराचे अधिक कडक नियम लागू झाले. त्या सुमारास कार्ब्युरेटर मागे पडून पेट्रोल फवारणारी इंजिने आली आणि चोकचे काम कॉम्प्युटरकडे गेले. पण इंजिन गार आहे की तापले, हे त्याला कळावे कसे? ते सांगतो हा कूलंटचा सेन्सर. बोटाएवढी पितळी नळी, आत एक दाणा. दाणा गार असला की वीज अडवून धरतो, तापला की सोडतो. आपण कढईत मोहरीचा दाणा टाकून तेल पाहतो ना, तसेच.

ह्याची तार तुटली तर कॉम्प्युटरला कळते आणि समोर दिवा लागतो. पण सेन्सर चालू राहून खोटेच सांगू लागला, तर कॉम्प्युटर बिचारा ते खरे मानतो. आमच्याकडे तेच झाले होते.

हे पकडायला शेजारच्या वायरमन भाऊजींचा मीटर आणि गाडीची माहितीपुस्तिका पुरली. आकडे गाडीगणिक थोडे वेगळे असतात, पण साधारण २० अंशांना दोन ते तीन हजार ओहम आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास. पहाटे दहा अंश थंडीत, किल्ली बंद ठेवून सेन्सरचा प्लग काढला आणि त्याच्या दोन टोकांना मीटर लावला. साडेतीन हजारांच्या पुढे आकडा यायला हवा होता, आला सहाशे! म्हणजे इंजिन बर्फासारखे गार, आणि हा कॉम्प्युटरला सांगतोय की साठ अंश तापले आहे. मग पेट्रोल जास्त मिळणार कुठून?

नवा सेन्सर ३८० रुपयांना मिळाला. तो आधी बर्फाच्या पाण्यात आणि मग गरम पाण्यात बुडवून मीटरवर पाहिला, तेव्हाच हाती पाना घेतला.

आता जपायचे ते सांगते. इंजिन पूर्ण गार हवे. गरम असताना रेडिएटरचे झाकण काढू नका. कुकरची शिट्टी उचलण्यापेक्षा ते भयंकर. बॅटरीची ऋण तार सोडवून ठेवा. बऱ्याच गाड्यांत तिथेच एका तारेचा दुसरा सेन्सर असतो. तो समोरच्या काट्यासाठी. आपल्याला दोन तारांचा हवा. प्लग काढताना खटका दाबा, तारा ओढू नका. आत हिरवा गंज दिसला तर आधी तो साफ करून पाहा. कधी तेवढ्यानेच काम होते. आम्हांला १९ नंबरचा पाना लागला. जुना निघाला की कूलंट वाहू लागतो, म्हणून खाली परात ठेवावी आणि नवा, नव्या वॉशरसकट, हाताशी असावा. आटे प्रथम बोटांनीच बसवावे. घर ॲल्युमिनियमचे असते. जोर केला की आटे गेले, आणि मग खरोखरच मोठा खर्च.

परातीतले पाणी मोरीत ओतू नका आणि अंगणातही ठेवू नका. ते चवीला गोड असते, पण जालीम विष. लेकरे आणि मांजरे-कुत्री ह्यांना फार जपावे. ती परातही मग स्वयंपाकात घ्यायची नाही. मी ती कायमची गाडीच्या सामानात टाकली.

जोडणी झाल्यावर त्याच जातीचा कूलंट भरला. इंजिन चालू करून, हवा निघावी म्हणून हीटर पूर्ण उघडला आणि पंखा सुरू होईपर्यंत उभी राहिले. कुठे थेंब नाही ना, हेही पाहिले. सगळ्याला दीड तास गेला. त्यातला अर्धा तास पाना शिरायला जागा करण्यात.

दुसऱ्या दिवशी मामंजींची पाळी होती. पहिल्या किल्लीत गाडी सुरू झाली. मामंजी नुसते "हं" म्हणाले आणि शाल सावरून बसले. मिस्त्रींनाही जुना सेन्सर नेऊन दाखवला. त्यांनी स्वतःच्या मीटरवर लावून पाहिला आणि वहीत आकडे उतरवून घेतले, हे त्यांच्याविषयी सांगायला हवे.

तो सेन्सर मी आज बरोबर आणला आहे. पलीकडच्या टेबलावर गरम पाणी, बर्फ आणि मीटर मांडले आहेत. चहा होईपर्यंत ज्यांना हवे त्यांनी जुना-नवा दोन्ही बुडवून आकडा पाहावा.