पन्नास पानांचं चेकबुक

(रौप्यमहोत्सवानिमित्त क्लबहाउसमध्ये झालेल्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यातील भाषण)



सोसायटीला २५ वर्षं झाली. इथे राहायला आलो तेव्हा आपल्यातले बरेचजण पन्नाशीच्या आसपास होते, आता पंच्याहत्तरीला टेकलेत. त्यामुळे वयावर बोलायला कमिटीने मला उभं केलं, हे रास्तच आहे. मी डॉक्टर नाही, बी.कॉम. झालेला बँकेतला माणूस. पण गेले काही महिने "टेलोमरेज वाढवा, वय उलटं फिरवा" असे गोळ्यांचे मेसेज आपल्या ग्रुपवर येत आहेत, आणि चार-पाच जणांनी लिफ्टमध्ये गाठून मला विचारलं, "काका, घ्यायच्या का हो?" म्हणून जे वाचलं आणि समजलं, ते सांगतो.

आपल्या बहुतेक पेशींत ४६ गुणसूत्रं असतात. प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना टेलोमेअर नावाचा राखीव भाग असतो. एका पेशीच्या दोन पेशी होताना डीएनएची नक्कल निघते. पण नक्कल काढणाऱ्या यंत्रणेला अगदी शेवटच्या टोकापर्यंत पोचता येत नाही. त्यामुळे दरवेळी टेलोमेअर थोडा आखूड होतो. १९६१ साली हेफ्लिक आणि मूरहेड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी दाखवलं, की माणसाच्या पेशी काचपात्रात वाढवल्या तर साधारण ५० वेळा विभागतात आणि मग थांबतात.

म्हणजे आपल्या बँकेच्या भाषेत, ५० पानांचं चेकबुक! पानं संपत आली की आपण मागणीची स्लिप भरून नवीन चेकबुक घेतो. पेशीमध्ये हे नवीन चेकबुक देणारं काउंटर म्हणजे टेलोमरेज हे एन्झाइम. ते आखूड झालेलं टोक पुन्हा वाढवतं. एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि त्यांची विद्यार्थिनी कॅरोल ग्रायडर यांना ते १९८४ साली डबक्यात राहणाऱ्या एका एकपेशीय जीवात सापडलं. २००९ साली त्या दोघींना आणि जॅक शोस्टाक यांना नोबेल मिळालं.

आता खरी गंमत. आपल्याला वाटतं, साठीनंतर हे काउंटर हळूहळू बंद होत असेल. तसं नाही. गर्भात ते जोरात चालतं आणि बहुतेक अवयवांत जन्माआधीच शटर खाली येतं! पुरुषबीज तयार करणाऱ्या पेशींत ते चालू राहतं. रक्त, त्वचा, आतडं यांच्या मूळ पेशींत थोडंफार राहतं आणि जंतूंशी लढताना वाढणाऱ्या पांढऱ्या पेशींत ते तेवढ्यापुरतं जागं होतं. पण हे थोडंफार झीज भरून काढायला पुरत नाही, आणि रक्तातल्या पेशींत वयाबरोबर तेही कमी होत जातं.

मग निसर्गाने काउंटर बंद का केलं? कारण, स्लिप न विचारता चेकबुकं वाटत सुटलं तर काय होतं, ते बँकवाल्याला सांगायला नको. सुमारे ८५ ते ९० टक्के कॅन्सरमध्ये टेलोमरेज पुन्हा चालू झालेलं आढळतं. त्या जोरावरच त्या पेशी न थांबता वाढत राहतात. म्हणजे शटर खाली आहे ती हलगर्जी नव्हे, दक्षता आहे.

माझ्या सौ.ला नऊ वर्षांपूर्वी कॅन्सर झाला होता, हे तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा तुम्हीच आम्हाला डबे पोचवलेत. त्या गोळ्यांची जाहिरात आमच्या घरीही आली. आम्ही डॉक्टरांना विचारलं. ते एवढंच म्हणाले, "नको." तुम्हीही विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि नुसत्या टेलोमेअरच्या लांबीवर आयुष्य ठरत नाही. प्रयोगशाळेतल्या उंदराचे टेलोमेअर आपल्यापेक्षा बरेच लांब असतात, तरी तो जगतो दोन-तीन वर्षं.

शेवटी एक गोष्ट. २००४ साली ब्लॅकबर्न आणि एलिसा एपेल यांनी दीर्घ आजारी मुलांची काळजी घेणाऱ्या आयांचा अभ्यास केला. ज्यांना ताण जास्त जाणवत होता, त्यांच्या रक्तपेशींत टेलोमेअर आखूड आणि टेलोमरेज कमी आढळलं. तणावामुळेच हे झालं, असं एवढ्यावरून सिद्ध होत नाही. पण विचार करायला लावतं.

आपल्या सोसायटीतही काही घरांत माणसं अंथरुणाला खिळून आहेत. त्यांचं सगळं करणारी सून, बायको किंवा मुलगा वर्षानुवर्षं घराबाहेर पडलेला नाही. आठवड्यातून एक तास आपल्यापैकी कुणी त्या पेशंटजवळ बसलं, तर ती माणसं बागेत एक फेरी मारून येतील. आपल्याकडे वेळ आहे, आणि याला गोळ्यांइतका खर्चही नाही. नावं लिहायला ऑफिसात वही ठेवली आहे. पहिलं नाव मी लिहिलंय, दुसऱ्या ओळीवर सौ.चं आहे. तिसरी ओळ रिकामी आहे.