पाचपट 585

सालेकसा स्टेशनाजवळ राहणाऱ्यांना रेडिओवरची ही खरखर ओळखीची असेल. हावडा-मुंबई मार्गावरून मालगाडी निघते आणि मीडियम वेव्हवरचं गाणं मध्येच फाटतं. वरच्या तारेत 25 हजार व्होल्ट. इंजिनाचा पेंटोग्राफ तारेवरून घासताना क्षणभर सुटतो, ठिणगी उडते आणि ती थेट आपल्या रेडिओत येते. हीच तार रुळालगतच्या टेलिफोन तारांतही, त्यांना न शिवता, विजेचा दाब निर्माण करते. म्हणून विजेच्या मार्गांवर त्या तारा काढून केबल जमिनीत पुरावी लागली.

न शिवता वीज पोचते, हे फॅरडेने 1831 मध्ये दाखवलं. आज मोबाइल नुसता चकतीवर ठेवला की चार्ज होतो, तो याच गुणामुळे. चकतीत तांब्याचं एक वेटोळं, फोनच्या पाठीत दुसरं.

आता एक हिशेब करू. या चकत्या साधारण 100 ते 205 किलोहर्ट्झवर चालतात. समजा, एखादी 117 वर आली. तिचा दाब चौकोनी ठोक्यांचा असतो, आणि अशा ठोक्यात तिप्पट, पाचपट, सातपट लहरीही दडलेल्या असतात. 117 ची पाचपट 585. मीडियम वेव्हवर आकाशवाणी नागपूरचा आकडा तोच! म्हणजे चकतीची खरखर नेमकी त्याच केंद्रावर येऊ शकते.

म्हणून चकती बनवण्याआधीच ती संगणकावर चालवून पाहतात. वेटोळं, फेराइटची पाटी, फोन, सगळ्याचे बारीक तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यातलं चुंबकीय क्षेत्र गणिताने काढतात. फोन बोटभर सरकला तर काय होईल, तेही तिथेच कळतं. पण माझं एक कळकळीचं म्हणणं आहे: संगणकावरच्या या चित्रात चार्जरची वायर आणि घरातलं वायरिंगही हवंच. 585 ची लहर पाचशे मीटरहून लांब. तळहाताएवढं वेटोळं ती दूर फेकू शकत नाही. उपद्रव वायरमधून भिंतीत शिरतो आणि घरभर पसरतो. अशा उपद्रवाला मर्यादा घालणारी आंतरराष्ट्रीय समिती 1934 साली स्थापन झाली, तीही रेडिओ ऐकणाऱ्यांसाठीच. गोंदियाच्याही पलीकडे, जंगलाच्या कडेला क्षीण आवाज कानाशी धरून बसलेला श्रोता त्या हिशेबात धरलाच पाहिजे.

तोवर घरी एवढं करा. खरखर आली की चार्जरचा प्लग काढून पाहा. थांबली, तर रेडिओ त्या भिंतीपासून दूर न्या आणि हळूहळू फिरवा. आतली फेराइटची कांडी एका दिशेला कमी ऐकते. ती दिशा चार्जरकडे करा.